‘फोनवरून तिकीट काढता आलं पाहिजे’ : ॲपचं पीआरडी कसं लिहायचं, हे लोकलच्या तिकिटावरून समजून घ्या

सकाळचे पावणेनऊ. गोरेगाव स्टेशनच्या पुलावर गर्दी, खाली चर्चगेट स्लोची अनाउन्समेंट आणि पुलाच्या कडेला थांबून फोनशी झटापट करणारा एखादा प्रवासी. रेल्वेचं तिकीट ॲप उघडलंय, गोरेगाव ते चर्चगेट निवडलंय, वॉलेटमध्ये पैसेही आहेत. तरी ॲप तिकीट द्यायला तयार नाही. कारण काय, तर तो रुळांच्या फार जवळ उभा आहे.

मुंबईकरांना हा नियम आता पाठ झालाय. ॲपवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधी काढायचं. पण पहिल्यांदा हे बघणाऱ्या माणसाला वाटतं की ॲप बिघडलंय.

ॲप बिघडलेलं नसतं. त्याला सांगितलंय तसंच ते वागतंय. तिकीट कुठे उभं राहून काढता येईल आणि कुठे नाही, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. असे निर्णय जिथे लिहून ठेवतात, त्या कागदाला ॲप बनवणाऱ्यांच्या भाषेत पीआरडी म्हणतात. हे पीआरडी अर्धवट असलं की काय होतं आणि ते नीट कसं लिहायचं, ते बघू. उदाहरण रोजच्या लोकल तिकिटाचंच घेऊ. रेल्वेच्या ॲपबद्दलच्या गोष्टी घडलेल्या आहेत. नमुना म्हणून दिलेली पीआरडीची वाक्यं मात्र समजावून सांगण्यापुरती आहेत, ती रेल्वेच्या कागदातली नाहीत.

पीआरडी म्हणजे नेमकं काय?

पीआरडी म्हणजे प्रॉडक्ट रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट. ॲप कुणासाठी आहे, त्या माणसाची कोणती अडचण सोडवणार आहे, कोणत्या परिस्थितीत कसं वागणार आहे आणि काय करणार नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. कागद म्हणायचं फक्त, आजकाल ती एका डॉक्युमेंटची लिंक असते.

मोठ्या कंपनीत हे काम प्रॉडक्ट मॅनेजरकडे असतं. छोट्या स्टार्टअपमध्ये फाउंडरच लिहितो. आणि घरगुती डब्यांच्या व्यवसायासाठी फ्रीलान्सरकडून ॲप बनवून घेणाऱ्या माणसाने तर ते स्वतःच लिहायला हवं, कारण त्याच्या वतीने दुसरं कुणी लिहिणार नसतं.

कोणती प्रोग्रॅमिंग लँग्वेज वापरायची, डेटा कुठे साठवायचा, हे पीआरडीत येत नाही. तो इंजिनिअरचा प्रांत आहे. बटण निळं की हिरवं, हा डिझायनरचा. पीआरडीचं काम आहे ‘काय’ आणि ‘का’ सांगण्याचं. नेस्कोच्या आयटी पार्कमध्ये बसलेली पन्नास जणांची टीम असो की घरच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला एकटा डेव्हलपर, हे दोन प्रश्न सगळ्यांना सारखेच पडतात.

आधी अडचण लिहा, फीचर नंतर

बहुतेक फसलेल्या पीआरडींची सुरुवात फीचरच्या यादीने होते. लॉगिन, होम पेज, पेमेंट, नोटिफिकेशन. यादी वाचून ॲप कसं दिसेल ते कळतं, पण कशासाठी आहे ते कळत नाही.

मुंबईच्या लोकलचा इतिहास इथे कामाला येतो. आधी खिडकीवरची रांग होती. मग कूपन पंच करायची मशिनं आली, मग स्मार्ट कार्डवर चालणारी एटीव्हीएम. डिसेंबर २०१४ मध्ये रेल्वेने मुंबईत मोबाइल तिकीट सुरू केलं. ॲप बनवलं होतं रेल्वेच्याच ‘क्रिस’ने, म्हणजे सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्सने. पण सुरुवातीच्या त्या ॲपवर तिकीट बुक केल्यानंतर स्टेशनवरच्या मशीनमधून त्याची प्रिंट घ्यावी लागायची. प्रिंट नसेल तर प्रवास करता येत नव्हता.

आता समजा, पीआरडीत अडचण अशी लिहिली : ‘प्रवाशाला फोनवरून तिकीट बुक करता येत नाही.’ मग २०१४ चं ॲप शंभर टक्के यशस्वी ठरतं. पण तीच अडचण अशी लिहिली : ‘गर्दीच्या वेळी तिकिटासाठी रांगेत उभं राहावं लागल्याने प्रवाशाची गाडी चुकते.’ आता तेच ॲप नापास होतं, कारण खिडकीची रांग जाऊन मशीनची रांग आली. पेपरलेस तिकीट पश्चिम रेल्वेवर आलं जुलै २०१५ मध्ये, म्हणजे साधारण सात महिन्यांनी. मग कुठे फोनमधलं तिकीट हेच तिकीट मानलं जाऊ लागलं.

रेल्वेची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. कागदी तिकीट टीसीला ओळखता येतं, त्यावर लिहिता येतं. फोनवरचं तिकीट खरं की स्क्रीनशॉट, हे आधी सोडवावं लागतं. आणि हे असे अडथळे पीआरडीत पहिल्या पानावरच यायला हवेत.

एका ओळीच्या पोटात किती प्रश्न?

‘प्रवाशाला फोनवरून तिकीट काढता आलं पाहिजे.’ ओळ अगदी बरोबर आहे. पण हीच ओळ डेव्हलपरला पाठवून दिली तर काय होईल?

लोकलला गेट नसतात. मेट्रोत तिकीट स्कॅन केल्याशिवाय आत जाता येत नाही, लोकलमध्ये थेट चढता येतं. म्हणजे फोनवर कुठूनही, कधीही तिकीट मिळायला लागलं, तर लोक विनातिकीट चढतील आणि टीसी दिसला की खिशातून फोन काढतील. म्हणून नियम करावा लागला की गाडीत किंवा रुळांजवळ असताना तिकीट निघणार नाही. फोनचं जीपीएस बघून ॲप हे ठरवतं. नकाशावर आखलेल्या अशा अदृश्य कुंपणाला जिओफेन्स म्हणतात.

कुंपण म्हटलं की पुढचा प्रश्न, किती मीटरवर? मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींमध्ये, छपराखाली ते आणखी भरकटतं. मुंबईत रुळांना खेटून इमारती आहेत, चाळी आहेत. तिथे घरात बसलेला माणूस आणि प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस, ॲपला दोघे सारखेच दिसू शकतात. एकाला अडवायचं तर दुसराही अडतो. मग कुणाचं नुकसान चालवून घ्यायचं? हा प्रश्न कोड लिहून सुटत नाही. तो धोरणाचा आहे आणि त्याचं उत्तर डेव्हलपरने रात्री दोन वाजता स्वतःच्या मनाने द्यायचं नसतं. ते पीआरडीत लिहिलेलं असायला हवं.

कुंपणाला बाहेरची बाजूही होती. सुरुवातीला स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आत असाल तरच तिकीट मिळायचं. गोरेगावात याचा अर्थ काय होतो ते बघा. फिल्म सिटीचं गेट स्टेशनपासून सरळ रेषेत मोजलं तरी तीन किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे शूटिंग संपवून बाहेर पडलेला लाइटमन रिक्षात बसल्या बसल्या लगेच तिकीट काढू शकत नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये उपनगरी भागासाठी ही मर्यादा पाच किलोमीटर झाली आणि फिल्म सिटी आत आली. एप्रिल २०२४ मध्ये बाहेरची मर्यादाच काढून टाकली. आतलं कुंपण, म्हणजे रुळांजवळचं, तेवढं ठेवलं.

दोन, पाच, मग मर्यादाच नाही. आकडा बदलणार हे पहिल्या दिवशी माहीत नसतं, पण बदलू शकतो एवढं तर माहीत असतं. म्हणून चांगल्या पीआरडीत नुसता आकडा लिहित नाहीत. ‘ही मर्यादा ॲप अपडेट न करता सर्व्हरवरून बदलता आली पाहिजे’ हे वाक्य त्याच्या शेजारी लिहितात. त्या एका वाक्याने पुढची लाखो लोकांची अपडेटची कटकट वाचते.

स्टेशनात येऊन अडकलेल्या प्रवाशाचं काय? त्याच्यासाठी पुढे स्टेशनांवर क्यूआर कोड लावले गेले. तो स्कॅन केला की स्टेशनात उभं राहूनही तिकीट निघायचं. तर्क असा की कोड स्टेशनवर चिकटवलाय, म्हणजे स्कॅन करणारा स्टेशनवरच असणार. मुंबईकरांनी काय केलं? कोडचे फोटो काढून ठेवले. टीसी दिसला की गाडीत बसून फोटो स्कॅन करायचा, तिकीट तयार. अशा तक्रारी रेल्वेपर्यंत गेल्याच.

यातून पीआरडी लिहिणाऱ्याला एक सवय लावून घ्यावी लागते. प्रत्येक फीचरखाली एक प्रश्न लिहायचा : याचा गैरफायदा कोण आणि कसा घेईल? उत्तर सुचत नसेल तर रोज विरारपर्यंत जाणाऱ्या चार जणांना विचारायचं. तासाभरात यादी तयार होते.

‘पटकन’, ‘सोपं’ आणि ‘यूजर-फ्रेंडली’

हे तीन शब्द पीआरडीत दिसले की टेस्टरचं डोकं दुखायला लागतं. पटकन म्हणजे किती? फाउंडरच्या नव्या फोनवर, घरच्या वायफायवर सगळंच पटकन होतं.

‘तिकीट पटकन निघालं पाहिजे’ याऐवजी असं लिहिता येतं : ‘तीन वर्षं जुन्या, कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर, कमकुवत नेटवर्कवर, आधी एकदा प्रवास केलेल्या प्रवाशाला ॲप उघडल्यापासून ३० सेकंदांत तिकीट दिसलं पाहिजे.’ आता टेस्टर घड्याळ लावू शकतो. हो की नाही, एवढंच उत्तर येतं, वाद होत नाही.

‘पाहिजे’ आणि ‘असल्यास बरं’ यातला फरकही स्पष्ट करावा लागतो. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. १९९७ साली निघालेल्या आरएफसी २११९ या कागदात ‘करायलाच हवं’, ‘करणं इष्ट’ आणि ‘केलं तर चालेल’ यांच्यासाठी इंग्रजीतले ठरावीक शब्द नेमून दिले आणि त्यांचा अर्थ लिहून ठेवला. मराठीत पीआरडी लिहिणाऱ्यानेही असे तीन शब्द ठरवून घ्यावेत आणि शेवटपर्यंत तेच वापरावेत. नाहीतर डेडलाइन जवळ आली की ‘पाहिजे’चं ‘बरं झालं असतं’ व्हायला वेळ लागत नाही.

पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही

सगळं सुरळीत चालतं तो मार्ग लिहायला अर्धा तास लागतो. खरा वेळ जातो तो बिनसण्याच्या वाटा लिहिण्यात, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण गाळतात.

यूपीआयने पैसे गेले पण ॲपवर तिकीट दिसत नाही. प्रवाशाने काय करायचं? पुन्हा पैसे भरायचे की थांबायचं? गाडी तर समोर लागलीय. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवर दुकानदाराला केलेलं पेमेंट कापलं गेलं पण पोचल्याचं कन्फर्म झालं नाही, तर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे पैशांची सोय आहे, पण पाच दिवसांची. गाडी पाच मिनिटांत सुटते. त्या मधल्या वेळात स्क्रीनवर नेमकं कोणतं वाक्य दिसेल, ते पीआरडीत शब्दशः लिहायला हवं. ‘समथिंग वेंट राँग’ हे वाक्य प्रवाशाला काहीच सांगत नाही.

दुसरी वाट, तिकीट निघालं पण वांद्र्याला बॅटरी संपली. फोनवरचं तिकीट दाखवता आलं नाही तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं. त्याने खिशातले पैसे मोजून तिकीट काढलं होतं, हे खरं असूनही उपयोग नाही. इथे ॲपने काय करायचं? बॅटरी कमी असेल तर तिकीट काढतानाच इशारा द्यायचा का? नेटवर्क नसतानाही तिकीट उघडलं पाहिजे का? स्क्रीनशॉट चालत नाही हे आधी सांगायचं का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येतं, पण ते आधी द्यावं लागतं.

गोरेगाव, गोरेगांव आणि गोरेगाव रोड

मराठी ॲपच्या पीआरडीत एक जास्तीचं प्रकरण लागतं, ते परदेशी टेम्प्लेटमध्ये सापडत नाही.

सर्चमध्ये कुणी ‘गोरेगाव’ लिहील, हिंदी कीबोर्डची सवय असलेला ‘गोरेगांव’ लिहील, तिसरा रोमन अक्षरांत लिहील. तिघांनाही तेच स्टेशन मिळालं पाहिजे. त्यात ‘गोरेगाव रोड’ नावाचं वेगळं स्टेशन कोकण रेल्वेवर आहे, रायगड जिल्ह्यात. मुंबईच्या माणसाला यादीत ते वर दिसलं आणि घाईत त्यावर बोट पडलं तर?

नावंही बदलत राहतात. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होऊन काही वर्षं झाली (जुलै २०१८), तरी जुनं नाव टाइप करणारे आहेतच. गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मध्ये राम मंदिर स्टेशन डिसेंबर २०१६ मध्ये उघडलं, तेव्हा यादीत मधोमध एक नवं नाव घुसलं. स्टेशनांची यादी कोडमध्ये कायमची ठोकून ठेवायची नाही, हे इथे लिहावं लागतं.

शिवाय मार्ग. गोरेगावहून कुर्ल्याला दादरला गाडी बदलूनही जाता येतं आणि २०१८ मध्ये हार्बर गोरेगावपर्यंत आल्यापासून वडाळामार्गेही. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ एवढं विचारून भागत नाही, ‘कोणत्या मार्गे’ हेही विचारावं लागतं. स्क्रीनवर आणखी एक प्रश्न वाढला म्हणजे वर लिहिलेले ३० सेकंद पुन्हा मोजायला आले.

काय करणार नाही, तेही लिहा

पेपरलेस लोकल तिकीट कॅन्सल होत नाही. हा नियम कुणाला आवडो न आवडो, तो स्पष्ट आहे. डिझायनरला कॅन्सलचं बटण काढावं लागत नाही, डेव्हलपरला रिफंडचा कोड लिहावा लागत नाही, आणि सपोर्टवाल्याला काय उत्तर द्यायचं ते माहीत असतं. पीआरडीत ‘या आवृत्तीत नाही’ असा एक भाग असतो, तो याचसाठी.

बाहेरून ॲप बनवून घेणाऱ्यांनी तर हा भाग सोडूच नये. ‘हे तर आमच्या बोलण्यात होतं’ आणि ‘हे कोटेशनमध्ये नव्हतं’ ही भांडणं इथेच जन्माला येतात. सोसायटीचं मेंटेनन्स ॲप बनवून घेताना ‘भाडेकरूंचं वेगळं लॉगिन या टप्प्यात नाही’ ही एक ओळ असली की तीन महिन्यांनंतरची खडाजंगी टळते. बोलण्यातलं काही उरत नाही, ईमेलमधलं उरतं.

कागद एकदा लिहून संपत नाही

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना प्रवासाची परवानगी मिळाली, पण आधी फक्त पासवर. ॲपवरून तिकीट मिळायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला, कारण रेल्वेचं ॲप आता राज्य सरकारच्या युनिव्हर्सल पासशी जोडावं लागलं. तिकीट देण्याआधी लसीची खात्री करायची, अशी अट २०१४ साली कुणाच्या स्वप्नातही नसणार.

म्हणून पीआरडीवर तारीख आणि आवृत्तीचा नंबर असतो. काय बदललं, कुणी बदललं, का बदललं, अशी एक छोटी नोंद असते. ‘का’ गाळलं तर सहा महिन्यांनी नवा आलेला माणूस तोच बदल उलटा फिरवतो.

कायदाही बदलतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, लोकांची माहिती घेताना परवानगीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. त्यात मराठी आहे. परवानगी मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं. लोकेशन वापरणाऱ्या ॲपच्या पीआरडीत हा मुद्दा आता ‘असल्यास बरं’च्या रकान्यात टाकता येत नाही.

मग लांबी किती असावी?

एका फीचरला दोन-तीन पानं पुरतात. चाळीस पानी पीआरडी कुणी वाचत नाही, आणि न वाचताच ‘ओके’ म्हणून टाकलं जातं, ते जास्त धोक्याचं. २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्याने जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं मानलं. त्याचा सोयीस्कर अर्थ ‘काहीच लिहायचं नाही’ असा लावणाऱ्या टीम्स आजही सापडतात. मग तेच प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, रात्री अकराला, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं.

लिहून झाल्यावर पीआरडी डेव्हलपर आणि टेस्टरला एकत्र बसवून वाचून दाखवावं. एआयकडून ढाचा तयार करून घेणारे आता बरेच आहेत, त्यात गैर काही नाही. पण फिल्म सिटीचं गेट स्टेशनपासून किती लांब आहे आणि टीसी दिसल्यावर लोक काय करतात, हे त्या ढाच्यात आपोआप येत नाही. ते पुलावर अर्धा तास उभं राहूनच कळतं.

१ जुलै २०२५ रोजी, क्रिसच्या वर्धापनदिनी, रेल्वेने ‘रेलवन’ हे ॲप आणलं. अनारक्षित तिकीट, आरक्षण, गाडी कुठे आहे, तक्रार, जेवण, सगळं एकाच ठिकाणी. आधी जे वेगवेगळ्या ॲपमध्ये होतं ते एका स्क्रीनवर आलं. पुण्याला जाणारा माणूस हे ॲप महिन्यातून एकदा उघडेल, गोरेगावचा माणूस दिवसातून दोनदा. ॲप उघडल्यावर दोघांपैकी कुणाचं बटण वर दिसणार, हेही कुठल्यातरी पीआरडीत कुणालातरी लिहावंच लागतं.